उत्तर: केकचं कच्चं पीठ चाटलं तर काय बिघडतं?

अंडं घातलं नाही म्हणजे भांडं चाटायला हरकत नाही, असं वर एका ताईंनी लिहिलंय. ताई, अंडं सोडा, पीठच कच्चं असतं. गहू शेतात उभा असतो, जनावरांची विष्ठा, पाखरं, उंदीर, सगळ्यांचा संबंध येतो. दळल्यानं जंतू मरत नाहीत. कोरड्या पिठात ते वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने तग धरतात, आणि पाणी लागलं की वाढू लागतात. अमेरिकेत 2016 साली पिठातल्या ई. कोलाय नावाच्या जंतूनं 63 जण आजारी पडले होते.

आमच्याकडे राजारामपुरीत पोळ्या करताना धाकट्याला कणकेचा गोळा खेळायला द्यायची पद्धत. चिमणी करतो, साप करतो आणि मधेच चोच खाऊन टाकतो! आता मी गोळा देते, पण शेजारी बसून. खेळ संपला की साबणानं हात धुवायचे. लहान मुलांना हा जंतू फार वाईट बाधतो, मूत्रपिंडापर्यंत जातं.

भाजणीचंही तेच. धान्य भाजलेलं असलं तरी दळायला गिरणीतच जातं, मागच्याचं कच्चं पीठ जात्यात असतंच. थालीपीठ नीट भाजा, भिजवलेलं पीठ मीठ बघायला जिभेवर ठेवू नका. मीठ पहिल्या थालीपिठावर कळतं.