इटलीतल्या कॅसिनोच्या भिंतीवरचे मराठे: 'भाडोत्री' म्हणणाऱ्यांना उत्तर

सह्यकडा:
काल इथे कुणी लिहिलं, "दुसऱ्या महायुद्धात इटलीत मेलेले मराठे इंग्रजांचे भाडोत्री. त्यांच्या स्मशानात फुलं कसली वाहता?" रात्रभर झोप नाही. मराठा पलटणीतले यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944, टायबर नदीचं खोरं. त्यांच्या छोट्या तुकडीतला एकही धड उरला नाही, तेव्हा एकटे मशीनगनवर चालून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर हातातली टॉमीगन (छोटी मशीनगन) उलटी धरून दस्त्याने हाणलं. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, देह सापडला नाही. कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर, कबर नसलेल्या 4 हजारांवर लोकांत, त्यांचं नाव आहे. मी त्या नावावर हात ठेवून आलोय. जीभ कशी धजते?

कृष्णाकाठ:
ते मीच लिहिलं. घाडग्यांच्या शौर्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण त्याच काळात आमच्या साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध पत्री सरकार चालू होतं. आजोबा भूमिगत, आजी उसाच्या फडात भाकरी पोचवायची. 1943 ला बंगालात माणसं भुकेने मरत होती. आधी फुलं कुणाला?

निशिगंधा:
आमचे आजोबा पत्री सरकारात, त्यांचे सख्खे भाऊ मराठा पलटणीत. पणजी दोघांसाठी एकाच देवापुढे दिवा लावायची. तिला सांगा कोण भाडोत्री ते.

माणदेशी:
फुलांचं सोडा. हिंदू-शीख जवानांना अग्नी दिला, त्यांना कबरच नाही. इटलीतच फोर्लीला हिंदी लष्कराच्या दफनभूमीत कबरी 496, आणि दहन झालेल्या 769 जणांची नुसती नावं. तिथे निदान नावं तरी आहेत! आमच्या शाळेच्या भिंतीत 1914 च्या लढाईची पाटी आहे, गावातून किती गेले, किती पडले. शाळेच्या दुरुस्तीत तिच्यावर ऑइलपेंट फासला. दोनदा अर्ज दिला, कुणी फिरकलं नाही.

सह्यकडा:
आमच्याकडे पाटीला मोटारसायकली टेकवतात.

निशिगंधा:
आणि पाटीवर नुसता आकडा. गेलेला पोरगा कुणाचा, ते कुठेच नाही.

कृष्णाकाठ:
विषय कॅसिनोचा होता, पाट्यांवर कुठे नेलात?

माणदेशी:
नेणारच! इटलीचं तिकीट तुम्हाला परवडतं, आम्हाला ही पाटीच कॅसिनो.

कृष्णाकाठ:
मला कुठलं परवडतंय! बरं, 'भाडोत्री' मागे घेतो, तेवढंच. इंग्रज बादशहाच्या लढाईला फुलं वाहणार नाही. पाटी साफ करायला मात्र येतो. लोखंडी घासणी लावू नका, अक्षरं जातील. तालुका कुठला?