बालवाडीत सोडताना रोज रडालाय, काय करू?

वडगावची आई: मुलगा साडेतीन वर्षांचा, जूनपासून बेळगावच्या शहापुरातल्या बालवाडीत घातलाय, पण गेट दिसलं की माझी ओढणी सोडत नाही, त्यात बाई कन्नड बोलणाऱ्या आणि घरी आमचं सगळं मराठी, पाणी हवं तरी सांगता येईना त्याला. थोडे महिने बंद करू काय?

खानापूरकर ताई: बंद नको गं, परत पहिल्यापासून रडं सुरू होतंय. आमची तीन आठवडे रडली. आधी तासभरच ठेवायची, मग डबा खाईपर्यंत. आणि लपून पळून येऊ नको, "डबा संपला की येते" सांगून ये आणि खरंच ये. घड्याळ कळत नाही त्यांना, डबा कळतो.

निपाणीचा पप्पा: कन्नडचं टेन्शन घेऊ नका. नीरु म्हणजे पाणी, ऊटा जेवण, साकु पुरे, एवढं खेळता खेळता शिकवा. आमचा आता आज्जीनं भात वाढला की साकु साकु ओरडतो. सोमवारी मात्र रडणारच, रविवार घरी गेलेला असतो ना.

वडगावची आई: डब्याचं उद्याच सांगून बघते. नीरु आत्ताच शिकवलं, बादलीत हात घालून बसलाय 😄