स्टिरॉइडनं उतरत नसलेला एमएसचा अ‍ॅटॅक : प्लाझ्मा एक्स्चेंज लगेच, की थांबून?

रानजाई
मामेबहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार. आधीचे अ‍ॅटॅक स्टिरॉइडवर उतरले होते. या वेळी मज्जारज्जूतच मोठा डाग आलाय. कमरेखाली ताकद नाही, लघवीला नळी. पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन सलाईनमधून गेलं, तरी पायाचा अंगठा जेमतेम हलतो. एक न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, घरी न्या, फिजिओ लावा, सहा आठवड्यांनी बघू. दुसरे म्हणाले, प्लाझ्मा एक्स्चेंज (मशीननं रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, काढून त्याजागी दुसरं द्रव घालणं), आणि तेही याच आठवड्यात. आम्ही दुसऱ्यांचं ऐकलं, उपचार सुरू आहेत. त्यामुळे सल्ला नकोय, वाद हवाय.

माझं मत असं : अ‍ॅटॅक खरोखर मोठा असेल (पाय गेले, डोळा गेला, गिळता येईना), तर 'पुढे काय' हे पाचवा डोस संपतो त्याच दिवशी ठरलं पाहिजे. मेयो क्लिनिकचा १९९९ चा अभ्यास बघा. स्टिरॉइडनं काहीच न झालेले २२ रुग्ण, १२ एमएसचे आणि बाकीचे त्याच्या भावकीतल्या आजारांचे. काहींना खरं एक्स्चेंज, काहींना खोटं, म्हणजे मशीन फिरतंय पण प्लाझ्मा बदलत नाही. दिवसाआड सात वेळा. खऱ्या उपचाराच्या १९ फेऱ्यांपैकी ८ मध्ये ठळक सुधारणा, खोट्याच्या १७ पैकी फक्त एकीत. आपल्याकडे मात्र 'अजून एक स्टिरॉइडचा कोर्स देऊ', मग 'थोडं थांबू', आणि मग 'आता उशीर झाला'.

हिशेबी
असहमत. बहिणीला बरं वाटो, पण मुद्दा तपासू.

२२ माणसांवर सगळी इमारत उभी आहे. एवढी वर्षं झाली तरी एमएसमध्ये त्या तोडीचा मोठा अभ्यास नाही. शिवाय प्रत्येक फेरी दोन आठवड्यांची. मज्जारज्जूची सूज उतरायला महिने लागतात. खोट्या उपचारातले १६ जण दोन आठवड्यांत सुधारले नाहीत, यावरून ते सहा महिन्यांनी कुठे असते ते कळत नाही.

स्टिरॉइडचंच उदाहरण घ्या. डोळ्याच्या नसेच्या सुजेवर अमेरिकेत १९९२ साली ४५७ रुग्णांचा अभ्यास छापून आला. सलाईनमधल्या स्टिरॉइडनं दृष्टी लवकर परतली, पण वर्षानं मोजलं तर ज्यांना दिलं नव्हतं तेही जवळपास तिथेच पोचले होते. लवकर बरं होणं वेगळं आणि जास्त बरं होणं वेगळं. एक्स्चेंजवाल्यांनी यातलं दुसरं सिद्ध केलेलं नाही.

रानजाई
डोळ्याच्या त्या अभ्यासात कुठलेही रुग्ण होते, त्यातले बहुतेक आपोआप सुधारणारेच. इथे स्टिरॉइड घेऊनही जागचे न हललेले लोक आहेत. दोन्ही एका तागडीत कसे तोलता?

आणि 'फक्त लवकर' याला कमी लेखू नका. अंथरुणाला खिळलेल्या बाईचे दोन महिने म्हणजे पाठीला जखमा, पोटरीत गाठ, लघवीचं इन्फेक्शन. मेयोच्याच २००२ च्या आढाव्यात ५९ रुग्ण होते. ज्यांचं एक्स्चेंज लवकर सुरू झालं त्यांना फायदा जास्त.

हिशेबी
तोच आढावा मी उलटा वाचतो. लवकर आलेल्यांमध्ये असेही असणारच, जे तसेही सुधारले असते. उशिरा आलेले म्हणजे आपोआप न सुधारलेले, गाळ उरलेले. लवकर सुरू केल्याचा गुण कुठला आणि निसर्गाचा कुठला, हे चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट न पाडता कसं सांगणार? त्याच यादीत पुरुष असणं आणि रिफ्लेक्स शाबूत असणं हेही फायद्याशी जोडलेलं होतं. म्हणून बायकांना नाही म्हणायचं का?

दुपारपाळी
मी अफेरेसिस युनिटला (जिथे मशीननं रक्ताचे भाग वेगळे करतात) टेक्निशियन आहे. तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, मी खाटेपाशी काय होतं ते सांगते.

६० किलोच्या माणसात प्लाझ्मा साधारण अडीच लिटर. तो काढायचा तर तेवढंच काहीतरी परत घालावं लागतं, बहुधा अल्ब्युमिन (रक्तातलंच एक प्रथिन). बाजारात २० टक्क्यांची १०० मिलीची बाटली मिळते, ती पातळ करून वापरतो. एका बैठकीला सहाएक बाटल्या, पाच बैठकी धरा. बिल फुगतं ते इथे. नातेवाईक रात्री दहाला मेडिकल पालथी घालत बाटल्या गोळा करतात, हे नेहमीचं दृश्य.

मानेत किंवा जांघेत जाड नळी. ओठांना मुंग्या आल्या की पेशंट घाबरतं, ते रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरल्याचं लक्षण. कॅल्शियम दिलं की थांबतं. बीपी पडतो. रक्त गोठायला लागणारं फायब्रिनोजन घटतं, म्हणून रोज लागोपाठ करत नाही. आणि बीपीची रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, ती थांबवावी लागते, नाहीतर मशीनवर बीपी धाडकन कोसळू शकतो. हे घरचे सांगायचं विसरतात, कारण ती 'नेहमीची गोळी'.

घाबरवत नाहीये. बहुतेक जण नीट पार पडतात. पण याला कुणी 'रक्त धुणं' म्हणून हलक्यात घेतलं की मला राग येतो.

चाकखुर्ची
मला स्वतःला एमएस आहे. दोन्ही बाजूंना एक विचारतो : अ‍ॅटॅक खरा होता ना? ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन आलं की जुनीच लक्षणं उसळून येतात, तो नवा अ‍ॅटॅक नसतो. मेच्या उन्हात माझे पाय दर वर्षी असेच जातात आणि संध्याकाळी परत येतात. तशात स्टिरॉइड 'लागू पडलं नाही' म्हणून कुणी नळ्या घालू नयेत.

दुसरं, आजार एमएसच आहे ना? मज्जारज्जूत लांबलचक डाग आणि स्टिरॉइडला दाद नाही, तर अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडीज बघितल्या का? त्या निघाल्या तर आजार एमएस नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा.

रानजाई
नवा डाग एमआरआयवर दिसला, लघवीचं कल्चर स्वच्छ होतं. दोन्ही अँटिबॉडीजचं रक्त पाठवलंय, रिपोर्ट यायचाय.

दुपारपाळी
एक्स्चेंज सुरू व्हायच्या आधी घेतलं ना? नंतर घेतलं तर अँटिबॉडीज धुतल्या गेल्यामुळे रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

रानजाई
हो, आदल्या दिवशी.

हिशेबी
हा मुद्दा मला पटतो, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. अ‍ॅक्वापोरिन निघालं, म्हणजे एनएमओ (डोळ्याची नस आणि मज्जारज्जू धरणारा, एमएसहून वेगळा आजार) असेल, तर एक्स्चेंज लवकर करा याला माझी हरकत नाही. तिथे फ्रान्समधली आकडेवारी बोलकी आहे : अ‍ॅटॅकच्या पहिल्याच दिवशी एक्स्चेंज झालं तर पूर्ण सुधारण्याची शक्यता सुमारे ५० टक्के, वीस दिवसांनंतर १ ते ५ टक्के. पण ती एनएमओची आहे. ती उचलून एमएसला चिकटवतात, तिथे माझा आक्षेप.

रानजाई
पण ज्या दिवशी निर्णय घ्यायचा, त्या दिवशी रिपोर्ट हातात नसतो! रक्त द्यायचं आणि काम सुरू करायचं. थांबण्यात कुठला शहाणपणा?

आणि एमएसमध्येही एकच आजार थोडाच आहे. २००५ मध्ये मेंदूची बायप्सी झालेल्या १९ जणांचं एक्स्चेंज तपासलं गेलं. ज्यांच्या जखमेत अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडीच्या साथीनं पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) सापडले ते दहाच्या दहा सुधारले, बाकीच्या नऊपैकी एकही नाही.

हिशेबी
म्हणजे निम्म्यांना उपयोग शून्य, आणि ते निम्मे कोण हे कवटी उघडल्याशिवाय कळत नाही. माझाच मुद्दा मांडलात, आभार.

रानजाई
दुसरे निम्मे विसरलात.

हडसनकाठी
न्यू जर्सीतून. इकडचा तमाशाही ऐका. स्टिरॉइड चालत नसेल तर एसीटीएचचं (शरीराला स्वतःचं स्टिरॉइड बनवायला लावणारं हार्मोन) इंजेक्शन आहे, एमएसच्या अ‍ॅटॅकसाठी १९७८ पासून मान्यता असलेलं. २००१ च्या सुमारास एक कुपी ४० डॉलरला होती, पुढे ती ४० हजारांच्या घरात गेली. औषध तेच, मालक बदलला. स्टिरॉइडपेक्षा ते सरस आहे असंही नाही. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीनं २०११ मध्ये अ‍ॅटॅकसाठी एक्स्चेंजला 'बहुधा उपयोगी' म्हटलं आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसमध्ये करू नका असं स्पष्ट सांगितलं. हिशेबीराव, 'बहुधा'ला तुम्ही 'नाही' म्हणून का वाचता?

हिशेबी
मी 'नाही' म्हणत नाही. बिल कोण भरतंय हे विचारून 'हो' म्हणा, एवढंच. इन्शुरन्स असलेल्या घरात आणि दागिने मोडणाऱ्या घरात 'बहुधा'चा अर्थ एक नसतो. सलाईनमधल्या स्टिरॉइडच्या पैशांत सुद्धा वाचवता येतं. फ्रान्समध्ये २०१५ साली १९९ रुग्णांत तोंडानं रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेड तीन दिवस दिलं, सलाईनपेक्षा कमी ठरलं नाही. पण आपल्याकडे १६ मिलिग्रॅमच्या बासष्ट गोळ्या एका वेळी गिळा म्हटलं की केमिस्टच फोन करून विचारतो.

चाकखुर्ची
दागिने आमच्याही घरात मोडले. तरी सांगतो, 'पैसे आहेत का' हा प्रश्न डॉक्टरनं मनातल्या मनात स्वतःच सोडवू नये. मला पर्याय सांगितलाच नव्हता. सांगितला असता तर कदाचित नाही म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं.

हिशेबी
याला उत्तर नाही माझ्याकडे. सांगायलाच हवं.

रानजाई
तिसरी बैठक आज झाली. एका पायाचा गुडघा वाकतोय. हिशेबी म्हणतील, तसाही वाकला असता.

हिशेबी
म्हणणारच होतो. आनंद झाला तरीही.

रानजाई
दुपारपाळी, एक सांगा. डॉक्टर पुढचा अ‍ॅटॅक टळावा म्हणून रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन म्हणताहेत. ते आत्ताच अ‍ॅडमिट असताना देऊन टाकलं तर एक खेप वाचेल का?

दुपारपाळी
मधेच दिलं तर पुढच्या बैठकीत मशीन ते काढून पिशवीत टाकेल. तेही अँटिबॉडीच आहे. शेवटची बैठक झाल्यावरच, आणि हिपॅटायटिस बी व टीबीच्या तपासण्या आधी. त्यांचं रक्त एक्स्चेंजच्या आधी घेतलं होतं का ते डॉक्टरांना विचारा, आता घेतलं तर हिपॅटायटिसच्या अँटिबॉडीजचा रिपोर्टही खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.