जुना हॅलोविन आज बघताना भीती वाटते का?

सांगलीकर: काल विश्रामबागला रूमवर पोरांनी मिळून १९७८ चा हॅलोविन हा हॉरर पिक्चर लावला, अर्ध्या तासात निम्मे मोबाईल काढून बसले, लय स्लो आहे म्हणे. मला तर जाम आवडला. तुमचं काय मत?

सातारी_गडी: अरे तो स्लोपणाच तर खरी ताकद आहे भावा! मुखवटा घातलेला खुनी भर दिवसा झुडपाजवळ नुसता उभा असतो, तेवढ्यानंच पोटात गोळा येतो, रक्त तर जवळपास नाहीच.

मिरजेची: म्युझिक दिग्दर्शक जॉन कारपेंटरनं स्वतःच केलंय, पाच मात्रांचा ठेका, त्यामुळं सतत काहीतरी अडखळतंय असं वाटतं. हिरोईन लॉरीच्या मैत्रिणींना मारायचे सीन मला आज खटकतात, पण लॉरी काय लढते! हेडफोन लावूनच बघा.