जंतांवर तुमच्या घरी काय करत? सीमाभागातले अनुभव लिहा

१० ऑगस्ट जवळ आला की आमच्याकडे हा विषय हमखास निघतो. शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी मिळणार असते आणि घरातली आज्जी म्हणते, "कशाला ती गोळी? वावडिंगाचं पाणी दे की." खानापूर तालुक्यात नर्स म्हणून नोकरी करताना या दोन्ही बाजू मी लोकांच्या सोप्यात बसून ऐकल्यात. आज्यांनी जे केलं ते नोंदलं जावं, आणि त्यातलं काय धरायचं, काय सोडायचं तेही मोकळेपणानं बोललं जावं, असं मला मनापासून वाटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कुठलेही असा, लिहा. औषध कुठलं, कुणाला देत, पुढं काय झालं.

सुरुवात मी करते. आमच्या आईची रीत ठरलेली होती. रात्री गुळाचा खडा खायला द्यायची. गोडाला जंत वर येतात, असं तिचं म्हणणं. पहाटे उपाशीपोटी किरमाणी ओव्याची पूड गुळात वळून, आणि थोड्या वेळानं एरंडेल. एरंडेल पिताना नाक दाबून धरायचं, वर लिंबाची फोड चोखायची. मग दिवसभर मऊ भात आणि ताक. जंत पडायचे, हे खरं आहे. किरमाणी ओव्यात सँटोनिन असतं आणि गोल जंतांवर ते लागू पडतं. एके काळी डॉक्टरही सँटोनिनच देत. पण मात्रा जरा वाढली की सगळं पिवळं दिसायला लागतं, चक्कर येते, लहान मुलाला झटकेही येऊ शकतात. चिमटीच्या अंदाजानं द्यायचं औषध नव्हे ते. म्हणून मी ते कुणालाच सुचवत नाही.

जांबोटी भागातून

आमचं घर रानाच्या कडेला. वावडिंग आम्ही कधी विकत आणलं नाही. काका रानातून आणायचे आणि पारख शिकवायचे, ती इथं सांगतो, कारण बाजारात वावडिंग म्हणून दुसरीच फळं मिसळलेली असतात. दाणा मिरीएवढा, तांबूस करडा, अंगावर बारीक रेघा. फोडला की आत पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली एकच बी निघते आणि तिच्यावर पांढुरके ठिपके असतात. आत बारीक बारीक पुष्कळ बिया निघाल्या तर ती आटकी, वावडिंग नव्हे. जिभेवर ठेवलं की आधी तुरट, मग तिखट.

आमच्याकडे मोठ्यांना वावडिंगाची पूड मधातून आणि बाळांना चार दाणे घालून उकळलेलं पाणी देत. आता रानात वेली फार कमी राहिल्यात. फळं झाडावर पिकायच्या आधीच ओरबाडतात, मग नवीन रोप यायचं कुठून?

निपाणी

आमच्या आईनं बिड्या वळून आम्हाला वाढवलं. माझ्या धाकट्याला रात्री झोप नसायची. गुदाशी खाज सुटायची, रडून उठायचा. घरात सगळे म्हणायचे, गोड खातो म्हणून. आईनं ओवा-गूळ दिला, कारल्याचा रस पाजला. चार दिवस बरं, की पुन्हा तेच.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, झोपेत टॉर्च लावून बघा. बघितलं तर पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक किडे, हलणारे. त्यांना सुतकृमी म्हणतात. मादी रात्री बाहेर येऊन गुदाशी अंडी घालते, पोरगं खाजवतं, अंडी नखात जातात, नखं तोंडात. पोरातनं पोरात, पोरातनं आईत. म्हणून औषध एकट्या पोराला देऊन भागत नाही, घरातल्या सगळ्यांना एकदम द्यावं लागतं, आणि दोन आठवड्यांनी परत एकदा. त्या दिवशी सगळ्या चादरी, चड्ड्या गरम पाण्यात काढल्या, सगळ्यांची नखं कापली. सकाळी उठल्या उठल्या पोराची ढुंगणं साबणानं धुवायची, हेही त्यांनी बजावलं होतं. त्यानंतर खाज गेली. आईच्या कारल्यानं पोरगं बरं व्हावं असं मलाही वाटत होतं हो, पण अंडी तर अंथरुणातच होती.

कडोली, बेळगाव तालुका

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं सांगते. लावणीच्या दिवसांत आम्ही बायका अनवाणीच. बांधाआड लोक परसाकडला बसायचे आणि त्याच ओल्या मातीतून आमची ये-जा. पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटायची, तिला आम्ही चिखल्या समजून हळद-तेल लावायचो. जाऊबाई दिवसेंदिवस पांढऱ्याफटक पडत चालल्या. चार पायऱ्या चढल्या की धाप. चुलीतली भाजकी माती खायच्या, ते लपवायच्या. घरात म्हणायचे, बाळंतपणं लागोपाठ झाली म्हणून अशक्तपणा. तपासलं तर रक्त (हिमोग्लोबिन) सहावर आलेलं, आणि शौच तपासणीत आकडीकृमी.

हे जंत बहुतेक करून पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग आतड्याला चिकटून रक्त पितात. गोळी दिली आणि कितीतरी महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा माती खायची सुटली. त्यांना कुणी कारलं, कडुलिंब देऊन बघितलं असतं तर रक्त भरून आलं नसतं, हे मला सांगायचं आहे. आता घरात संडास आहे. पण शेतावर चप्पल घालायला अजून बायका लाजतात.

शहापूर, बेळगाव

आमच्या आजोबांची वैद्यकी होती. रविवार पेठेतून आणलेली डिकेमाली (एका झाडाचा डिंक) घरात असायची. तिचा उग्र वास पूर्ण कपाटाला यायचा. बाळगुटीत ती एक-दोन वळसे उगाळायची, त्याहून जास्त नाही, असा दंडक. आजोबा चरकातली तीन पावलं सांगायचे: आधी कृमी बाहेर काढणं, मग ते ज्यात वाढतात ती पोटातली स्थिती बदलणं, आणि ज्या कारणानं ते झाले ते टाळणं. लोक पहिल्या पावलावरच थांबतात, याचा त्यांना त्रास व्हायचा. पट्टकृमीसाठी (फितीसारखे चपटे, लांब जंत) ते डाळिंबाच्या मुळाची साल वापरत, पण रोग्याला समोर बसवून, स्वतःच्या देखरेखीत. ती साल आता कुणी घरी काढा करून पिऊ नये. जास्त झाली तर विषारी आहे.

आपल्या बेळगावातच, नेहरूनगरला, पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आहे. म्हणजे या झाडपाल्याचा अभ्यास व्हायला हवा यात दुमत नाही. अभ्यास होईपर्यंत लेकरांवर प्रयोग नको.

चिकोडीजवळून

थोडक्यात लिहितो. पुतण्या पाच वर्षांचा. पोट फुगलं, कळा, उलटीतून एक लांब जंत पडला. घरात एरंडेलाची बाटली निघाली होती. शेजारच्या आशाताईंनी ती अक्षरशः हातातून काढून घेतली आणि गाडी बोलवली. आतड्यात गोल जंतांचा गोळा अडकलेला होता. पोट फुगलंय, संडासला होत नाही, उलट्या होतायत, अशा वेळी जुलाबाचं काहीही देऊ नका. सरळ दवाखाना गाठा.

हुक्केरीची माहेरवाशीण, सध्या पुण्यात

सुनेला दिवस गेलेत, दुसरा महिना आहे. पोटात दुखतं, जंत असावेत असं वाटतं. वावडिंग दिलं तर चालेल का?

खानापूरहून मीच उत्तर देते, ताई. वावडिंग अजिबात देऊ नका. आपल्या जुन्या ग्रंथांत पिंपळी आणि टाकणखारासोबत वावडिंग गर्भ राहू नये म्हणून सांगितलंय, एवढंच लक्षात घ्या. जंताची गोळीही पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. आधी शौच तपासून घ्या, बाकी बाळंतपणाचे डॉक्टर ठरवतील. दुखणं वाढलं किंवा अंगावरून रक्त जायला लागलं तर थांबू नका.

तसंच जांबोटीच्या दादांनी बाळांच्या पाण्याचं लिहिलं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, वावडिंगाचं पाणीसुद्धा नको. आणि गोड खाल्ल्यानं जंत होतात, झोपेत दात खाल्ले म्हणजे जंत आहेत, गालावर पांढरे चट्टे म्हणजे जंत, या तिन्ही समजुतींनी मी पोरांना उगाच एरंडेल पिताना बघितलंय. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती शौचातून मातीत जातात, तिथं दोन-चार आठवड्यांत तयार होतात आणि न धुतलेल्या हातांवरून, गाजर-कोथिंबिरीवरून तोंडात येतात. गुळाचा यात काही दोष नाही.

बेळगाव ग्रामीणमधले एक शिक्षक

शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल, म्हणजे जंताची गोळी, देतात. देशात हे २०१५ला सुरू झालं. गोळी ४०० मिलिग्रॅमची, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुटून पाण्यात. आजारी मुलाला त्या दिवशी देत नाहीत. फिट येणारं मूल असेल तर पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि आम्हालाही सांगावं.

आमच्याकडे पत्रक कन्नडमध्ये येतं. आया वाचू शकत नाहीत, म्हणून "त्या गोळीनं पोरं चक्कर येऊन पडतात" ही गावातली वार्ताच खरी ठरते. मी आदल्या दिवशी पालकांना बोलावून मराठीत सगळं सांगतो: पोटात जंत जास्त असतील तर मळमळ, थोडं दुखणं होऊ शकतं, पोराला बसवून पाणी द्यायचं, ते ओसरतं. आणि नळाला जुन्या मोज्यात घालून साबण टांगलाय. वडी हरवत नाही, मातीत पडत नाही, आणि पोरं जेवायच्या आधी रांगेत हात धुतात.

पुन्हा खानापूरहून

मोज्यातला साबण आमच्या अंगणवाड्यांनाही सांगते, गुरुजी. पळसपापडी (पळसाच्या बिया) आणि शेंदरी (कपिला) या जंतांवरच्या औषधांबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. दोन्ही आपल्या रानातलीच. घरात कुणी वापरली असतील तर आज्जी-आजोबांना विचारून लिहा, कशी द्यायचे आणि त्रास काय व्हायचा, दोन्ही लिहा.