रिंगा खोलण्याआधी पीसीव्ही बघा

चोर्ला घाट उतरून साखळीला पोचल्यावर ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर येतो, एरवी नाही, म्हणून मेकॅनिक पिस्टनच्या रिंगा बदलायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. इतकी घाई नको. उतारावर गिअरमध्ये गाडी सोडली की इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम खूप वाढतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातले, वायू परत इनटेकमध्ये सोडणारी झडप) उघडा अडकला असेल तर तिथूनच ऑइल ओढलं जातं.

पेट्रोल गाडीत हा व्हॉल्व्ह काढून हलवा. बहुतेक व्हॉल्व्ह खडखड वाजतात. वाजला नाही तर बदलाच, साफ करत बसू नका. वाजला म्हणजे चांगलाच असंही नाही, स्प्रिंग ढिली पडते. मग व्हॉल्व्ह परत बसवून, आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) त्याची होज, म्हणजे रबरी नळी, चिमटीत दाबा: व्हॉल्व्ह ठीक असेल तर आरपीएम थोडेच उतरतात.

व्हॉल्व्ह बंद अडकला तर उलटं: क्रँककेसमध्ये दाब साचून सील गळतात. म्हापसा बाजारापुरत्याच फेऱ्या, त्यात पावसाळा, की इंजिन पुरतं तापत नाही, ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चिखल धरतो आणि होज तुंबते.

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका. नव्या व्हॉल्व्हनंतर 1000 किमीला ऑइलचा खप मोजा, सपाट जागी, इंजिन बंद करून 10 मिनिटांनी. तरीही धूर असेल तर व्हॉल्व्ह स्टेम सील (इंजिनच्या व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे ऑइल अडवणारे सील) बघा, रिंगा त्यानंतर.