मिथक, पुराणकथा की इतिहास? महापुराच्या गोष्टींना म्हणायचं काय

कोरीपाटी:
एका लेखाचा अनुवाद करतेय. बायबलमधला नोहा, मत्स्यावताराच्या गोष्टीतला मनू आणि मेसोपोटेमियाचं (आजचा इराक) जुनं गिल्गमेश महाकाव्य, यांतल्या महापुराच्या गोष्टी घडलेल्या की रचलेल्या, असा विषय. मूळ शीर्षकात 'मिथ' आणि 'हिस्टरी' समोरासमोर उभे केलेत. मी 'पुराणकथा की इतिहास?' असं केलं. संपादकांनी 'पुराणकथा' खोडून 'मिथक' लिहिलं. म्हणे, नोहा कुठल्या पुराणात आहे? मला मात्र 'मिथक' वाचलं की 'मिथ्या' ऐकू येतं, म्हणजे प्रश्न विचारायच्या आधीच निकाल. तुम्ही काय वापराल? भाकडकथा सोडून काहीही सुचवा.

शुद्धमती:
मिथक नकोच. तो हिंदीतून आलेला शब्द आहे, श्रेय हजारीप्रसाद द्विवेदींना दिले जाते. 'मिथ'ला 'क' जोडला म्हणजे शब्द संस्कृत होत नाही. पुराण म्हणजे जुने, एवढाच मूळ अर्थ. 'ग्रीक पुराणकथा' आपण सर्रास लिहितो, तिथे कोणी मत्स्यपुराण उघडून बसत नाही.

आडवाटे:
शब्दाची जात बघूनच घ्यायचा तर 'कादंबरी' आधी परत करा. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव उचलून आपण अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. समीक्षेत 'मिथक' कधीच रुळलाय. आणि मिथ्याचा वास येतो म्हणता, तर तो 'पुराण'लाही येतो की. 'तुझं पुराण पुरे कर' म्हणतो तेव्हा काय जुन्या ग्रंथाचा मान राखत असतो?

शुद्धमती:
कादंबरी निदान संस्कृत तरी होती.

निरुक्तवाला:
मिथक राहू द्या, खरी गोची 'इतिहास'मध्ये आहे. इति ह आस, म्हणजे 'असं खरोखर होतं'. महाभारत स्वतःला इतिहास म्हणवतं, आणि शिंगाच्या माशाची नि मनूच्या नावेची गोष्ट त्याच महाभारतात, वनपर्वात आहे. म्हणजे आपल्या जुन्या वापराप्रमाणे मासा आधीच इतिहासात बसलाय. मग 'की' कुठला घालताय?

हा वादही जुनाच. वेदांत इंद्र ज्याला मारतो तो वृत्र कोण, हे सांगताना वैदिक शब्दांची व्युत्पत्ती देणारा यास्क लिहितो: 'तत्को वृत्रः? मेघ इति नैरुक्ताः। त्वाष्ट्रोऽसुर इत्यैतिहासिकाः।' निरुक्तवाले म्हणतात वृत्र म्हणजे ढग, ऐतिहासिक म्हणतात त्वष्ट्याचा मुलगा, असुर. आजचेच दोन पक्ष, फक्त पाट्या उलट्या. तेव्हा 'ऐतिहासिक' म्हणजे असुराला खराखुरा असुर मानणारा. आज हाच शब्द पुरावा मागणाऱ्याला लावतो.

कोरीपाटी:
हे भारी आहे, पण शीर्षकात यास्क मावणार नाही.

गाळकरी:
शब्दातलं कळत नाही, गाळातलं थोडं कळतं. 'इतिहास' लिहिणार असाल तर कशाचा, ते आधी ठरवा. ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज स्मिथने डिसेंबर १८७२मध्ये लंडनला गिल्गमेश महाकाव्याची अकरावी मातीची पाटी वाचून दाखवली. नाव बांधणं, पक्षी सोडणं, डोंगरावर टेकणं, सगळं नोहासारखं. त्यानंतर लोक पूर शोधायला खणू लागले. पुरातत्त्वज्ञ वूलीला १९२९मध्ये इराकमधल्या उर इथे ८ ते ११ फूट जाडीचा स्वच्छ गाळ मिळाला आणि नोहाचा पूर सापडल्याची हाकाटी झाली. शुरुप्पाक हे तिथल्या पूरकथेच्या नायकाचं गाव. तिथेही पुराचा थर मिळाला, पण तो इ.स.पू. २९००च्या आसपासचा. उरचा थर त्याहून कितीतरी जुना. गावं एकाच सखल प्रदेशातली, पूर वेगवेगळे.

रायन आणि पिटमन या भूवैज्ञानिकांनी १९९७मध्ये मांडलं की सुमारे ७,५०० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं पाणी काळ्या समुद्रात एकदम घुसलं. पाणी आलं, हे बहुतेकांना मान्य. एकदम आलं का, यावर भांडण चालू आहे. चीनच्या दंतकथेतल्या यू राजाच्या पुराचंही तसंच. पीत नदीवर दरड कोसळून बांध झाला आणि तो इ.स.पू. १९२०च्या सुमारास फुटला, असा निबंध २०१६मध्ये आला, लगोलग आक्षेपही आले. एवढं मात्र नक्की, की सगळी पृथ्वी बुडवणाऱ्या एकाच पुराचा थर कुठेही नाही. गाळ सांगतो 'पाणी आलं होतं'. नावेत कोण बसलं होतं हे तो सांगत नाही.

आडवाटे:
हिमयुग संपताना समुद्र १२० मीटर वर आला, त्याचीच ही सामूहिक आठवण, असंही म्हणतात ना?

गाळकरी:
म्हणतात. पण ते पाणी चढायला हजारो वर्षं लागली. त्यासाठी कोणी रातोरात नाव बांधत नाही. मला तरी साधं कारण पटतं. माणूस नदीकाठी राहिला, आणि मोठा पूर एकदा पाहिला की गाव तो पिढ्यान्‌पिढ्या सांगतं.

शाईदान:
पुरालाही धड शब्द कुठे आहे? आमच्याकडे आजी 'तूफान-ए-नूह' म्हणायची, नूह म्हणजे नोहाच. कुराणातही नूहच्या पुराला तूफानच म्हटलंय. शाळेत निबंधात 'नूहचे तुफान' लिहिलं तर बाईंनी तांबडी रेघ मारून वर 'जलप्रलय' लिहिलं, तुफान म्हणजे वादळ म्हणून. तो शब्द मराठीत आला आणि त्यातलं पाणी सांडून वारा तेवढा उरला!

निरुक्तवाला:
बाईंचा 'प्रलय' तरी कुठे पाण्याचा आहे? प्र + ली, विरघळून जाणे, लय पावणे. पुराणांत प्रलय चार प्रकारचे: नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक, आत्यंतिक. आत्यंतिक म्हणजे तर मोक्ष, त्यात कोणी बुडत नाही. मनूची सर्वांत जुनी गोष्ट शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे, तिथे शब्द आहे 'औघ', आपला ओघ. महाभारतात 'संप्रक्षालन', म्हणजे चक्क धुलाई. मासाही तसाच बदलत जातो. शतपथात तो नुसता मासा, महाभारतात ब्रह्मा, पुढे पुराणांत विष्णू. आता यातल्या कुठल्या माशाला इतिहास म्हणणार?

तारूतला:
मराठी बायबलमध्ये 'जलप्रलय' आहे आणि आम्ही त्यावरच वाढलो, तेव्हा तो चुकीचा कसा ते समजत नाही. वापरून वापरून त्यात पाणी भरलंय आता. 'मिथक'बद्दल मात्र कोरीपाटींशी सहमत. बहुतेकदा दुसऱ्याच्या ग्रंथातली गोष्ट मिथक असते, आपली इतिहास. आणि बायबलमधली नोहाची गोष्टही एकसंध नाही. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढलेलं. एकीकडे प्राण्यांची एकेक जोडी, दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. दोन परंपरा शिवल्याची टीप दिसते. ती दिसली म्हणून माझी प्रार्थना अडली नाही.

शुद्धमती:
'वापरून वापरून' हे कारण मान्य केले तर उद्या काहीही शुद्ध ठरेल.

आडवाटे:
उद्या कशाला, आजच ठरलंय. भाषा तशीच चालते.

कोरीपाटी:
उद्या मजकूर द्यायचाय. 'महापुराच्या कथा: घडलेल्या की रचलेल्या?' चालेल? मिथकही नाही, इतिहासही नाही.

निरुक्तवाला:
कथा रचलेलीच असते, घडतो तो पूर. घडलेल्या पुरावर रचलेली कथा असली तर ती तुमच्या कुठल्या खान्यात?

कोरीपाटी:
म्हणजे परत पहिल्यापासून. बरं, मजकुरातलं आणखी एक सांगा. नोहाच्या नावेला 'जहाज' लिहिलंय ते राहू दे?

तारूतला:
अजिबात नको. तारू! बायबलमध्ये तारूच आहे. हिब्रूतही तिथे जहाजाचा नेहमीचा शब्द नाही, 'तेवा' आहे. बाळ मोशेला (मोझेसला) नदीत ठेवलं त्या पेटीलाही तोच शब्द. शिडं नाहीत, सुकाणू नाही, नुसतं तरंगायचं.

शाईदान:
तो तारू की ते तारू?

शुद्धमती:
ते तारू. अनेकवचन तारवे.

आडवाटे:
ज्ञानेश्वरीत बाराव्या अध्यायात देव स्वतःच 'तारू जाहलों' म्हणतो. तिथे नपुंसकलिंग कसं लावणार?

शुद्धमती:
तो तारू म्हणजे तारणारा. शब्द वेगळा.

निरुक्तवाला:
वेगळा कसा? दोन्ही 'तॄ' धातूचे. अवतारही तिथलाच, अव + तॄ, खाली उतरणे. पूर ओसरल्यावर मनू डोंगरावरून उतरला, त्या उताराला शतपथ 'मनोरवसर्पण' म्हणतं. 'अव' आहेच बघा.

शुद्धमती:
'अव' असेल, पण धातू सृप् आहे, तॄ नव्हे. सर्प त्यातला.

आडवाटे:
सापाचा धागा वेगळा काढा बुवा.